विश्लेषण : होडीच्या मोटरची इग्निशन कॉइल बिघडण्याआधीच बदलावी का?

डिंभे, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, येडगाव आणि वडज ही जुन्नर-आंबेगावची पाच धरणे. यांच्या पाण्यावर ज्याची मोटर लावलेली होडी आहे, त्याच्यापुढे पावसाळ्याच्या तोंडावर एक प्रश्न हमखास येतो. मोटर एका दोरीत सुरू होते, आवाजही ठीक आहे. पण तिच्या इग्निशन कॉइल दहा-बारा वर्षांच्या झाल्या आहेत. एक मेकॅनिक सांगतो, ‘आताच बदलून घ्या, भर पाण्यात बंद पडली तर काय कराल?’ दुसरा म्हणतो, ‘चालू गाडीला कशाला हात लावता?’ दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे समजून घेतले, तर पैसेही वाचतात आणि धोकाही कमी होतो.

हा प्रश्न इथे महत्त्वाचा का?

कुकडी प्रकल्पातील ही पाच धरणे कालव्यांसाठी बांधली गेली. पण पाणी अडले की त्यावर माणसांचा वावर सुरू होतोच. घोड नदीवरील डिंभे धरणाचा जलाशय म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सागर. त्याची क्षमता सुमारे साडेतेरा टीएमसी. ज्या गावाच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ आंबेगाव याच पाण्याखाली गेले. तालुक्याचे मुख्यालय घोडेगावला आहे. विस्थापित आदिवासींनी पुढे याच जलाशयावर मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी संलग्न ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला.

धरणाच्या पाण्यावरची मासेमारी आजही बरीचशी वल्ह्यांवर चालते. मोटर येते ती लांबचा पल्ला, प्रवासी, पर्यटक किंवा बचावकार्य असेल तिथे; म्हणजे नेमकी तिथे, जिथे ती बंद पडलेली परवडत नाही. सह्याद्रीच्या दोन रांगांमधले हे जलाशय लांबट आहेत आणि पावसाळ्यात खोऱ्यातून येणारा वारा थेट पाण्यावर उतरतो. मोटर थांबली की होडी वाऱ्याला आडवी होते आणि लाटा बाजूने आदळू लागतात.

पाण्यावर वारा काय करू शकतो, हे पुणे जिल्ह्याने अलीकडेच पाहिले आहे. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. तिथे निमित्त वादळी वाऱ्याचे होते, इंजिनातील बिघाडाचे नव्हे. पण अशा वाऱ्यात होडीचे तोंड लाटांकडे धरून ठेवायला चालू मोटर लागते, एवढे त्यावरून लक्षात घ्यायला हवे.

आउटबोर्ड मोटरमध्ये कॉइल नेमके काय करते?

होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायची मोटर म्हणजे आउटबोर्ड. बचाव पथकांच्या भाषेत ‘ओबीएम’. लहान आउटबोर्ड साधारणपणे पेट्रोलवर चालतात आणि पेट्रोल पेटायला ठिणगी लागते. डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, त्यामुळे डिझेल लाँचच्या मालकाला हा प्रश्न पडतच नाही.

स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधील जेमतेम एक मिलिमीटरच्या फटीत, तेही दाबलेल्या हवेत, ठिणगी उडवायची तर हजारो व्होल्ट लागतात. तो दाब तयार करते ती इग्निशन कॉइल. तिच्यात तांब्याच्या तारेचे दोन गुंडाळे असतात. जाड तारेचे कमी वेढे म्हणजे प्रायमरी आणि केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे म्हणजे सेकंडरी. प्रायमरीत अचानक बदल झाला की सेकंडरीत दाब अनेक पटींनी वाढून उमटतो. हा एक छोटा ट्रान्सफॉर्मरच आहे, आणि त्यात हलणारा एकही भाग नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे.

दुकानात मात्र ‘कॉइल’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात. सीडीआय पद्धतीच्या मोटरमध्ये फ्लायव्हीलखाली एक चार्ज कॉइल असते. चुंबक तिच्यावरून फिरला की वीज तयार होते आणि सीडीआय डबीतील कपॅसिटरमध्ये दोन-तीनशे व्होल्टने साठते. दुसरी ट्रिगर किंवा पल्सर कॉइल. ती ‘आता सोड’ असा इशारा देते. तिसरी इग्निशन कॉइल. साठलेली वीज तिच्यात सुटते आणि जाड रबरी वायरीतून प्लगपर्यंत जाते. आपण बोलतो आहोत ते या तिसरीबद्दल. भाग मागवताना मोटरचे मॉडेल आणि भाग क्रमांक दिला नाही, तर भलतीच कॉइल हातात पडू शकते.

कॉइल बिघडते तरी कशाने?

पहिला शत्रू उष्णता. तारेवरील वार्निश आणि भोवतीचा राळेचा लगदा वर्षानुवर्षे तापतो आणि थंड होतो. विजेच्या यंत्रांबाबत एक जुना ठोकताळा आहे : चालण्याचे तापमान साधारण दहा अंशांनी वाढले, की इन्सुलेशनचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणजे ज्या मोटरचा थंड पाण्याचा पंप नीट चालत नाही, तिची कॉइलही लवकर म्हातारी होते.

दुसरा शत्रू ओल. राळेला बारीक तडा गेला की पावसाळ्यात त्यात दमट हवा शिरते. मग ठिणगी प्लगपर्यंत न जाता तड्यातून जवळच्या लोखंडात उतरते. तिसरा शत्रू हादरे. सैल बोल्ट, हलणारी वायर, गंजलेले अर्थिंग.

चौथा शत्रू बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तो म्हणजे झिजलेला प्लग. फट जितकी रुंद, तितका जास्त दाब कॉइलला तयार करावा लागतो. निघालेली किंवा तुटलेली प्लग कॅप म्हणजे तर फार मोठी फट. दाबाला बाहेर जायला वाट मिळाली नाही, की तो कॉइलच्या आतच वाट शोधतो. कॉइल ‘अचानक गेली’ असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा महिनोन्महिने न बदललेल्या प्लगने तिच्यावर ताण टाकलेला असतो.

‘जुनी झाली, म्हणून बदला’ हे बरोबर का नाही?

यंत्राचे भाग दोन प्रकारे संपतात. काही झिजतात. पाण्याच्या पंपातील रबरी इम्पेलर हे त्याचे चांगले उदाहरण. त्याची पाती वाकून कायमची वळतात आणि गाळाने घासली जातात. तो ठरावीक तासांनी किंवा वर्षांनी बदलायचा असतो, कारण वय वाढले की तो निकामी होणार हे जवळपास निश्चित असते. प्लगचेही तसेच. असे भाग वेळापत्रकानुसार बदलणे हाच शहाणपणा.

काही भागांचे मात्र वयाशी असे सरळ नाते नसते. हलणारे भाग नसलेली विद्युत उपकरणे बहुधा या गटात मोडतात. एखादी कॉइल तीन वर्षांत जाते, तर तिच्याच शेजारची वीस वर्षे चालते. अशा भागाचे वय पाहून तो कधी जाईल हे सांगता येत नाही.

हा केवळ मेकॅनिकचा अनुभव नाही. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या एफ. स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानांच्या भागांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले, की सुमारे ११ टक्के भागच वयानुसार अधिकाधिक बिघडत जातात. उरलेल्या ८९ टक्के भागांना ‘इतक्या तासांनी बदला’ अशी मुदत घालून काही फायदा होत नव्हता. त्याहून चकित करणारी गोष्ट अशी, की ६८ टक्के भागांमध्ये बिघाडाची शक्यता नवेपणी सर्वाधिक होती आणि नंतर कमी होऊन स्थिरावत होती. विमान आणि होडी यांत फरक आहे, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे आउटबोर्डला लावता येणार नाहीत. पण ‘जुना म्हणजे धोक्याचा’ हे गृहीतक प्रत्येक भागासाठी तपासूनच घ्यावे लागते, एवढा धडा त्यातून मिळतो.

नवा भाग जास्त भरवशाचा नसतो का?

नेहमीच नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडची विमाने समुद्रावर जर्मन पाणबुड्या शोधत फिरत. सी. एच. वॉडिंग्टन हे मूळचे जीवशास्त्रज्ञ. त्यांच्या गटाने या विमानांच्या दुरुस्तीच्या नोंदी पाहिल्या. दर ५० तासांच्या उड्डाणानंतर ठरलेली तपासणी होत असे. अपेक्षा अशी, की तपासणीनंतर बिघाड कमी व्हावेत. प्रत्यक्षात तपासणीनंतर लगेच ते वाढत आणि मग हळूहळू उतरत. धडधाकट भागांना हात लावल्यानेच नवे दोष शिरत होते. तपासण्यांमधले अंतर वाढवले आणि अनावश्यक कामे कमी केली, तेव्हा विमाने अधिक काळ आकाशात राहू लागली.

होडीच्या मोटरवर हे असे घडते : नवी कॉइल बसवताना अर्थिंगची तार रंगावरच दाबली जाते, जुनी ताठ झालेली वायर वाकवताना आतून तुटते, कनेक्टर पूर्ण बसत नाही. शिवाय कंपनीच्या नावाने विकले जाणारे नकली सुटे भाग बाजारात असतात. बाहेरून खोका सारखा, आत तार बारीक आणि राळ हलकी. दहा वर्षे चाललेल्या अस्सल कॉइलच्या जागी असा भाग बसवून त्याच दिवशी लांब पाण्यात जाणे म्हणजे माहीत असलेल्या सोबत्याला उतरवून अनोळखी माणसाच्या हाती सुकाणू देण्यासारखे आहे.

दोष कॉइलचाच आहे, हे कसे ओळखावे?

मोटर रखडू लागली की सर्वांत आधी कॉइलवर आळ येतो. पण अनेकदा दोष तिचा नसतो. तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे ठेवावा.

आधी प्लग. नवा, योग्य क्रमांकाचा, पुस्तिकेत दिलेल्या फटीचा प्लग लावून पाहावा. क्रमांकात ‘आर’ हे अक्षर असेल, तर त्या प्लगमध्ये रेझिस्टर असतो. त्याच्या जागी साधा प्लग लावू नये. प्रत्येक ठिणगी ही रेडिओ लहरींचा छोटा स्फोटच असतो. रेझिस्टर त्या लहरी दाबतो आणि मोटरच्या इलेक्ट्रॉनिक डबीला त्यांचा त्रास होऊ देत नाही. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे या भागातल्या लोकांना रेडिओ गोंगाट ही काय चीज आहे, ते वेगळे सांगायला नको.

मग बंद करण्याचे बटण. मनगटाला अडकवायच्या दोरीच्या स्विचमध्ये पाणी गेले, की तो ठिणगी मधूनच मारतो. काठावर, मोटर नीट बांधलेली असताना, त्या स्विचची वायर तात्पुरती सोडवून ठिणगी परत येते का ते मेकॅनिककडून पाहून घ्यावे. आली, तर कॉइल निर्दोष. तपासणी झाली की वायर पुन्हा जोडायलाच हवी. त्या दोरीशिवाय पाण्यात जाणे जिवावर बेतू शकते.

नंतर अर्थिंग. कॉइलचा बोल्ट काढून खालचा गंज घासून पुन्हा आवळणे हे पाच मिनिटांचे काम अनेक ‘मेलेल्या’ कॉइल जिवंत करते.

एवढे करूनही एकच सिलिंडर मार खात असेल, तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे अदलाबदल. दोन सिलिंडरच्या कॉइल सारख्या असतील, तर एकमेकींच्या जागी लावाव्यात. दोष कॉइलसोबत दुसऱ्या सिलिंडरवर गेला, तर कॉइल दोषी. दोष जागीच राहिला, तर पैसे वाचले. शोध दुसरीकडे घ्यायचा.

मल्टिमीटर उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. प्रायमरीचा रोध अनेक मोटरमध्ये एक ओहमपेक्षाही कमी, तर सेकंडरीचा हजारो ओहम असतो. नेमका आकडा प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावा. प्रायमरी मोजताना मीटरची दोन टोके आधी एकमेकांना लावून जो आकडा येतो तो वजा करावा, नाहीतर चांगली कॉइलही बिघडलेली वाटते. आणि मीटर छोट्या बॅटरीवर मोजतो. हजारो व्होल्टचा दाब आला की कुठे गळती होते, ते त्याला दिसत नाही. थंड असताना आकडा बरोबर, आणि अर्धा तास चालून तापल्यावर तार आत सुटते, अशा कॉइल असतात. म्हणून मोजमाप थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी करावे.

ठिणगी पाहायची तर चिमट्याचा स्पार्क टेस्टर वापरावा. वायर हातात धरणे, प्लगचे भोक उघडे ठेवून शेजारीच ठिणगी उडवणे, किंवा वायर मोकळी सोडून दोरी ओढत राहणे, या तिन्ही सवयी घातक आहेत. पहिलीत झटका बसतो, दुसरीत पेट्रोलची वाफ पेटते, तिसरीत चांगली कॉइल आणि सीडीआय जळू शकते.

मग आधी बदलणे कधी योग्य?

वय हे कारण पुरेसे नाही. पण पुढीलपैकी एकही गोष्ट आढळली, तर कॉइल ‘चालू आहे’ म्हणून सोडून देऊ नये.

एक, दिसणारा तडा. राळ फुगली आहे, वायर जिथे बाहेर येते तिथे रबर भेगाळले आहे किंवा काळपट रेघ उमटली आहे. अंधारात, उघड्या पेट्रोलपासून दूर, झाकण काढून चालू मोटर पाहिली आणि कॉइलवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या, तर निर्णय झालाच.

दोन, तापल्यावर येणारा दोष. पहिली वीस मिनिटे ठीक, नंतर अडखळणे, थंड झाल्यावर पुन्हा ठीक, आणि इंधनाचा संशय फिटलेला. ही कॉइल पुढचा दौरा पूर्ण करेल याची हमी नाही.

तीन, एकाच कारणाने एक कॉइल आधीच गेली आहे. मोटर एकदा जबर तापली, त्यात एक कॉइल जळली, तर तिच्या शेजारणीनेही तोच ताप सोसला आहे. पुरात बुडून निघालेल्या मोटरचेही तसेच. इथे सगळा संच बदलण्यात अर्थ आहे. उलट, एक कॉइल हादऱ्याने वायर तुटून गेली असेल, तर बाकीच्यांचा त्यात काही संबंध नाही.

चार, हात लावण्याचे काम एरवीही होणारच आहे. प्लॅटिनम पॉइंटच्या जुन्या मोटरमध्ये इग्निशन कॉइल फ्लायव्हीलच्या खाली असतात. फ्लायव्हील पुलरने ओढून काढणे हे काठावरच्या कार्यशाळेचे काम आहे. होडीत बसून ते होत नाही. पॉइंटसाठी फ्लायव्हील काढलेच असेल आणि खालची कॉइल भेगाळलेली दिसली, तर ती त्याच वेळी बदलावी. मजुरी एकदाच पडते.

किती सिलिंडर, यावर काय अवलंबून आहे?

बरेच काही. एका सिलिंडरच्या लहान मोटरला एकच कॉइल. ती गेली की मोटर पूर्ण थांबते. दोन किंवा तीन सिलिंडरच्या मोटरमध्ये एक कॉइल गेली तर ताकद घटते, थरथर वाढते, पण बहुधा हळूहळू काठ गाठता येतो. फोर स्ट्रोक मोटरमध्ये मात्र तसे फार वेळ चालवू नये. न जळलेले पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये मिसळते. काठ गाठावा आणि बंद करावी.

म्हणजे कॉइलच्या बिघाडाची किंमत तिच्या दुकानातल्या किमतीवरून ठरत नाही. ती मोटर कुठे, कोणासाठी आणि कशी चालते यावरून ठरते. काठालगत जाळे टाकणाऱ्याकडे वल्हे आहे. त्याला बिघाड म्हणजे बुडालेली अर्धी सकाळ. प्रवासी नेणाऱ्या एका मोटरच्या होडीसाठी तोच बिघाड म्हणजे दहा जणांचा जीव वाऱ्याच्या हवाली. पुरात उतरणाऱ्या बचाव पथकाची गोष्ट आणखी वेगळी. मावळातील सुदुंबरे इथे तळ असलेल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांना वाहत्या पाण्यात थांबलेली मोटर परवडतच नाही.

हिशेब मांडून पाहू. समजा, मोटर तीन सिलिंडरची आहे आणि तिन्ही कॉइल एकाच क्रमांकाच्या आहेत. ‘आधीच बदलू’ म्हटले तर तीन कॉइलचा खर्च. एवढे करूनही नव्या तिघींपैकी एक जाणारच नाही असे नाही, आणि गेली तर पेटीत काहीच नाही. त्याऐवजी एकच सुटी कॉइल घेतली, तर खर्च एक तृतीयांश, आणि तिघींपैकी कोणतीही गेली तरी उपाय हाताशी.

सुटी कॉइल पेटीत कशी असावी?

इथे एक साधी युक्ती आहे आणि तीच या सगळ्या प्रश्नाचे मधले उत्तर आहे. नवी कॉइल आणली की ती खोक्यात तशीच ठेवू नये. मोटरवर बसवावी आणि काठाजवळच्या पाण्यात काही दिवस चालवावी. चांगली तापू द्यावी. नवेपणीचा दोष असेल, तर तो काठाजवळच उघड होईल, आणि दुकानदाराकडे परत नेण्याची मुदतही हातात असेल. आणि काढलेली जुनी, चालणारी कॉइल पुसून, हवाबंद पिशवीत घालून पेटीत ठेवावी. आता मोटरवरची कॉइल तपासलेली, आणि पेटीतलीही तपासलेली. एकाच कॉइलच्या खर्चात दोन्ही मेकॅनिकचे म्हणणे पाळले गेले.

एका सिलिंडरची मोटर आणि प्रवासी वाहतूक असेल, तर हे ऐच्छिक मानू नये. पावसाळ्याआधी करूनच टाकावे. पेटीत कॉइलसोबत तिला लागणारे पाने, प्लगचा पाना, दोन नवे प्लग, थोडी वायर, चिकटपट्टी आणि पाण्यात चालणारी विजेरी हवी. आणि ज्याच्या हातात मोटर असते, त्याने ती कॉइल काठावर एकदा स्वतः बदलून पाहिलेली हवी. पाऊस सुरू असताना, हलत्या होडीत ते शिकता येत नाही. सुटलेला नट पाण्यात गेला तर काय, म्हणून एक जादा नट-बोल्टही असावा.

वाचलेले पैसे कुठे लावावेत?

ज्या भागांचे वय खरोखर मोजता येते तिथे. इम्पेलर वेळेवर, प्लग दर हंगामाला, इंधनाची नळी कडक झाली की, गियर ऑइल पुस्तिकेप्रमाणे. यातला इम्पेलर आणि प्लग हे कॉइलचेही रक्षक आहेत. एक तिला तापू देत नाही, दुसरा तिच्यावरचा ताण वाढू देत नाही. कॉइलचे आयुष्य वाढवायचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

प्रवासी नेणाऱ्यांसाठी कायद्याचाही भाग आहे. ‘अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१’ नुसार यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या जलयानांना सर्वेक्षण आणि नोंदणी लागते. मोटरची वार्षिक तपासणी त्याच सुमारास आटोपली आणि काय बदलले, कधी बदलले याची एक वही ठेवली, तर पुढच्या वर्षी अंदाज बांधावा लागत नाही. ‘मागच्या मेमध्ये थंड असताना इतके ओहम, या मेमध्ये इतके’ ही नोंद कॉइलच्या वयापेक्षा कितीतरी जास्त सांगते.

आणि तरीही मोटर थांबलीच तर?

थांबणार नाही असे समजून कधीच निघू नये. होडीत दोन वल्ही, दोरीसह नांगर आणि प्रत्येकाच्या अंगात बांधलेले लाइफ जॅकेट हवे. फळीखाली ठेवलेले नव्हे. मोटर थांबली की आधी नांगर किंवा वल्ह्याने होडीचे तोंड वाऱ्याकडे करावे, मगच झाकण उघडावे. कॉइल बदलण्यासाठी सगळे एका बाजूला वाकले, तर होडी मोटरमुळे नव्हे, वजनामुळे उलटते. उन्हाळ्यात पाणी उतरलेले असेल, तर बुडालेल्या भिंती आणि खोडांची जागाही लक्षात ठेवावी लागते. वारा बंद होडीला तिकडेच नेऊ शकतो.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे : केवळ वय झाले म्हणून सगळ्या कॉइल बदलू नका. तडा, तापल्यावर येणारा दोष किंवा एकत्र सोसलेला मार दिसला, तर वाट पाहू नका. आणि या दोन्हींच्या आधी, पावसाळा सुरू होण्यापूर्वीच, एक सुटी कॉइल काठाजवळ चालवून, तपासून पेटीत टाका. कॉइल कधी जाईल हे आपल्या हातात नाही. ती जाईल तेव्हा होडीत काय असेल, हे मात्र काठावरच ठरते.